दिसतं सगळं, पण वाचवत नाही: लॅपटॉप टीव्हीला जोडण्याचं एक प्रकरण

माझी मावशी मुद्रितशोधनाचं काम करते. पुस्तकांची पानं तिच्याकडे पीडीएफमध्ये येतात, ती लाल पेनाच्या टूलने खुणा करते आणि परत पाठवते. चौदा इंची लॅपटॉपवर अख्खं पान बघायचं तर अक्षरं मुंगीएवढी होतात. मोठी करावीत, तर पान सारखं वरखाली ओढत बसावं लागतं. घरातला ४३ इंची फोर-के टीव्ही मात्र दिवसभर बंदच असतो. शेवटी मावसभावाने एका रविवारी लॅपटॉपला एचडीएमआय केबल लावली, दुसरं टोक टीव्हीत खुपसलं, रिमोटने इनपुट बदललं. चित्र आलं. "झालं काम," म्हणून तो मोकळा झाला.

तीन दिवसांनी मावशीचा मला फोन. "अगं, दिसतं सगळं, पण वाचवत नाही."

बैठकीच्या खोल्यांमधले पडदे आणि प्रोजेक्टर जोडून देणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे तासाभरात उरकेल अशा हिशेबाने गेले. पूर्ण दुपार गेली, आणि त्यातला पाऊण तास माझ्याच चुकीने. प्रोजेक्टर आणि मॉनिटर यांना कॉम्प्युटरची सवय असते. टीव्हीला नसते. त्याच्याकडे येणारी प्रत्येक गोष्ट म्हणजे सिनेमा किंवा क्रिकेटची मॅच, अशी त्याची समजूत असते, आणि त्या समजुतीने तो चित्राला काय काय करत असतो ते मला त्या दिवशी एकेक करून कळलं.

तक्रारी

मावशीने कागदावर लिहूनच ठेवल्या होत्या. अक्षरं ओल्या शाईने लिहिल्यासारखी फुगीर. पानाचा आकडा आणि खालची पट्टी कापलेली. माऊसचा बाण हाताच्या मागून येतो. दहा मिनिटांत डोळे चुरचुरतात. शेवटची तक्रार तिने अधोरेखित केली होती: "मी दिलेला अनुस्वार आणि मुळातला अनुस्वार यांत फरक कळत नाही."

ही पाचवी तक्रार मी तेव्हा हसण्यावारी नेली. सगळं मर्म तिच्यातच होतं.

सोपं ते आधी

फुगीर अक्षरांचं कारण मिनिटभरात सापडलं. विंडोजची कळ आणि पी एकदम दाबलं की चार पर्याय येतात: फक्त लॅपटॉप, दोन्हीकडे तेच, जोडून वाढवलेला पडदा, फक्त दुसरा पडदा. मावसभावाने दुसरा निवडला होता. दोन्हीकडे तेच चित्र हवं म्हटलं की दोन्ही पडद्यांना झेपेल असं एकच माप विंडोज घेतं. लॅपटॉपचा पडदा १९२० गुणिले १०८० चा, त्यामुळे टीव्हीलाही तेवढंच मिळत होतं. टीव्हीचे स्वतःचे पिक्सेल ३८४० गुणिले २१६०, म्हणजे बरोबर चौपट. उरलेलं तो अंदाजाने भरत होता. अंदाजाने भरलेली वेलांटी कशी दिसते ते मावशीने कागदावर नोंदवलंच होतं.

चौथा पर्याय निवडला, म्हणजे फक्त टीव्ही. अक्षरं लगेच आवळली. टीव्ही आहे म्हटल्यावर विंडोजने सगळं ३०० टक्के मोठं करून ठेवलं, कारण माणूस खोलीच्या दुसऱ्या टोकाला सोफ्यावर बसलाय असं ते धरून चालतं. मावशी हातभर लांब टेबलाशी बसणार होती, म्हणून ते १५० वर आणलं. आता पीडीएफची दोन पानं शेजारी शेजारी पूर्ण मावली. हिशेब असा: ४३ इंची पडद्याची उंची साधारण साडेत्रेपन्न सेंटिमीटर आणि ए-फोर कागदाची २९.७. म्हणजे उभं पान छापील पानाच्या पावणेदोन पटीहून मोठं दिसतं, आणि अशी दोन पानं रुंदीत बसून बाजूला जागा उरते. मावशी खूश झाली. खालची पट्टी अजून कापलेलीच होती.

हा कापण्याचा प्रकार जुन्या चित्रनळीच्या टीव्हींपासून चालत आलाय. त्या नळ्यांच्या कडांना चित्र नीट बसायचं नाही, म्हणून ते मुद्दाम थोडं मोठं करून कडा चौकटीआड ढकलत. नळ्या गेल्या, सवय राहिली. आजही बरेच टीव्ही आलेलं चित्र काही टक्के फुगवतात आणि कडेचं छाटून टाकतात. सिनेमात कडेचं चार बोटं आकाश गेलं तर कोणाला कळत नाही, पण कॉम्प्युटरच्या कडेला घड्याळ, बंद करण्याची फुली आणि पानाचा आकडा असतो. शिवाय फुगवलेल्या चित्रात एकही पिक्सेल आपल्या जागी राहत नाही, त्यामुळे उरलेली अक्षरंही मऊ पडतात. रिमोटवर चित्राच्या मापाच्या यादीत 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट', 'फुल पिक्सेल' असं काहीतरी असतं. कंपनीगणिक नाव वेगळं, अर्थ एकच: आलंय तसं दाखव.

मी त्याच्या पुढचा उपाय केला. टीव्हीच्या इनपुटच्या यादीत जाऊन त्या पोर्टचं नाव बदलून 'पीसी' केलं. नुसतं नाव बदलून काय होणार, असं वाटेल. पण बऱ्याच टीव्हींमध्ये ते नाव म्हणजेच कळ असते. नाव 'पीसी' झालं की टीव्ही कडा छाटणं थांबवतो, हालचाल गुळगुळीत करण्याचे आणि दाणे पुसण्याचे उद्योग बंद करतो. त्या उद्योगांसाठी तो दोन-चार चित्रं हातात धरून ठेवत असतो, आणि माऊसचा बाण मागून येतो तो त्यामुळेच. नाव बदलताच पट्टी पूर्ण दिसली आणि बाण हाताबरोबर चालायला लागला. मात्रांभोवती एक पांढुरकी किनार दिसत होती, तीही गेली. धार वाढवण्याच्या सेटिंगने ती काढलेली होती.

डोळ्यांच्या चुरचुरीचा केबलशी काही संबंध नव्हता. टीव्ही 'व्हिव्हिड' का काहीतरी भडक रंगसंगतीवर होता. पांढरं पान म्हणजे समोर पेटवलेली ट्यूबलाइट. इथे एक फसगत होते. बऱ्याच टीव्हींवर 'ब्राइटनेस' नावाची पट्टी प्रकाश कमी करत नाही, काळ्या रंगाची पातळी हलवते. ती खाली ओढली की पान भगभगीतच राहतं आणि काळं मात्र चिखल होतं. खरा प्रकाश 'बॅकलाइट'वर असतो. तो शंभरवरून तीसवर आणला. (पडदा ओलेड असता तर दिवसभर तेच पान आणि तीच पट्टी ठेवायला मी कचरले असते, कारण त्याच्यावर स्थिर चित्राचा डाग कायमचा बसू शकतो. हा साधा एलईडी होता.)

पाचवी तक्रार

चहा झाला, मी निघायच्या बेतात होते. मावशीने एक जुनं प्रूफ उघडलं आणि म्हणाली, "बस जरा. आता सांग, यात मी दिलेले अनुस्वार कोणते?"

मी पडद्यापाशी गेले. काळी अक्षरं छान, कोरीव. तिने लाल पेनाने मारलेल्या मोठ्या रेघा लालच होत्या, पण त्यांच्या कडेला गुलाबी धूर पसरल्यासारखा वाटत होता. अक्षरांवर दिलेले लाल ठिपके मात्र लाल नव्हतेच. मळकट, काळसर. 'सुदर'वर तिने दिलेला ठिपका आणि खालच्या ओळीतल्या 'मंद'वरचा छापील ठिपका जवळजवळ सारखे दिसत होते. ज्या माणसाचं सगळं काम आपली खूण आणि मूळ मजकूर यांतल्या फरकावर चालतं, त्याला हा पडदा काय उपयोगाचा?

काळं स्वच्छ आणि लाल मळकट हे दिसल्यावर मला पुढचं कळायला हवं होतं. मी आधी टीव्हीच्या रंगांच्या सेटिंगमध्ये दहा मिनिटं घालवली. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्ड डिस्प्लेचं पान उघडलं. ३८४० गुणिले २१६०, ६० हर्ट्‌झ, आठ बिट, आणि रंगाच्या रकान्यात 'वायसीबीसीआर ४२०'.

या ४२० ची गंमत अशी. चित्र पाठवताना उजेड वेगळा आणि रंग वेगळा पाठवता येतो. माणसाच्या डोळ्याला उजेडातले बारकावे नीट दिसतात, रंगातले तितके नाही. म्हणून दोन गुणिले दोन अशा चार पिक्सेलांच्या चौकोनाला उजेडाचे चार आकडे द्यायचे आणि रंग एकच, चौघांत मिळून. पाठवायचा ऐवज निम्म्यावर येतो. बहुतेक सिनेमे आणि व्हिडिओ असेच साठवलेले असतात आणि कोणाची तक्रार नसते. काळ्यावर पांढरं किंवा पांढऱ्यावर काळं असेल तेव्हाही काही बिघडत नाही, कारण तिथे रंगच नाही, सगळा फरक उजेडाचा. पण चार-पाच पिक्सेलांचा लाल ठिपका पांढऱ्या कागदावर ठेवा. त्याच्या काठावरच्या प्रत्येक चौकोनात थोडं लाल, थोडं पांढरं. उजेड आपापल्या जागी राहतो, म्हणून ठिपका गडद दिसतो. रंग मात्र शेजाऱ्याच्या पांढऱ्यात मिसळून पातळ होतो आणि बाजूला सांडतो. गुलाबी धूर म्हणजे तो सांडलेला रंग.

खात्री करायला एक साधी चाचणी घेतली. रिफ्रेश रेट ६० वरून ३० वर आणला. रंगाच्या रकान्यात लगेच 'आरजीबी' आलं, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा पूर्ण रंग, आणि पडद्यावर 'सुंदर'च्या डोक्यावर लालभडक अनुस्वार उभा राहिला. मावशी टाळी वाजवायची बाकी होती. पण सेकंदाला तीसच चित्रं म्हटल्यावर माऊस अडखळायला लागला, पान सरकवलं की धक्के. दिवसभर काम करणाऱ्याला हे चालत नाही. साठ आणि आरजीबी, दोन्ही एकदम हवं.

टीव्हीचं ओळखपत्र

मग ६० ला आरजीबी का मिळत नव्हतं? लॅपटॉपचं पोर्ट एचडीएमआय २.० चं, टीव्हीही फोर-के. याचं उत्तर केबल लावल्यानंतरच्या पहिल्या क्षणात आहे. लॅपटॉप केबलमधून ५ व्होल्ट पाठवतो, टीव्ही 'मी आहे' अशी खूण करतो, आणि लॅपटॉप त्याचं ओळखपत्र वाचतो. या ओळखपत्राला ईडीआयडी म्हणतात. १९९४ पासूनची ही पद्धत. मूळ तुकडा अवघ्या १२८ बाइटांचा, पुढे पुरवण्या जोडलेल्या. मला कोणती मापं चालतात, कोणता वेग झेपतो, आवाज घेता येतो की नाही, हे त्यात लिहिलेलं असतं. लॅपटॉप टीव्हीची प्रत्यक्ष कुवत तपासत नाही. तो या कागदावर विश्वास ठेवतो.

आणि टीव्ही त्या कागदावर मुद्दाम कमी लिहून देतो. कारण हिशेबातच आहे. फोर-के चित्राला दिसणाऱ्या पिक्सेलांबरोबर न दिसणारी मोकळी जागाही पाठवावी लागते, ती धरून ४४०० गुणिले २२५०. सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे ५९.४ कोटी पिक्सेल. रंगांच्या तीन वाटा, प्रत्येकीत आठ बिटांचे तारेवर दहा-दहा होऊन जातात. गुणाकार १७.८२ गिगाबिट. एचडीएमआय १.४ ची मर्यादा होती १०.२. ती ओलांडून १८ पर्यंत जाणारं २.० हे २०१३ चं. आधीची यंत्रं आणि आधीच्या केबली घरोघरी असल्यामुळे काही गडबड नको म्हणून बरेच टीव्ही कारखान्यातून निघताना जुनीच मर्यादा लिहून येतात: ६० हवं असेल तर ४२० घ्या, ८.९१ मध्ये भागतं. पूर्ण रंग हवा तर ३० घ्या, तेही ८.९१ च. आमच्या चाचणीत नेमकं हेच दिसलं होतं.

हे कुलूप उघडायचं सेटिंग टीव्हीतच, आणि दर पोर्टाला वेगळं. सॅमसंगच्या टीव्हींवर त्याला 'इनपुट सिग्नल प्लस' म्हणतात, एलजीवर 'अल्ट्रा एचडी डीप कलर', सोनीवर 'एन्हान्स्ड फॉरमॅट'. चित्राच्या यादीत शोधून ते सापडत नाही, कारण पुष्कळदा ते सामान्य सेटिंग किंवा बाह्य उपकरणांच्या यादीत असतं. मला सापडलं, मी चालू केलं.

पडदा काळा.

माझी पाऊण तासाची चूक

दोन सेकंदांनी चित्र आलं, त्यात पांढऱ्या ठिणग्या उडत होत्या, परत काळा. परत चित्र. आधी चालत असलेलं आपण हात लावल्यावर बंद पडलं की माणूस शेवटच्या हात लावलेल्या जागीच खोदत बसतो. मी लॅपटॉपचा ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला. रीस्टार्ट केला. टीव्हीचा प्लग काढून घातला. सेटिंग बंद केलं, चित्र आलं, चालू केलं, गेलं. मावशी शांतपणे म्हणाली, "ती केबल आपल्या जुन्या सेट-टॉप बॉक्सची आहे, त्याचं काही असेल का?"

होतं. 'डिजिटल सिग्नल एकतर येतो, नाहीतर येत नाही, केबलने फरक पडत नाही' हे वाक्य मीच कितीदा लोकांना ऐकवलंय. ते अर्धंच खरं. येत असेल तोवर महागड्या केबलीने चित्र सुधारत नाही हे बरोबर. पण कोणत्या वेगापर्यंत येईल ते केबलच ठरवते. जुन्या 'हाय स्पीड' केबलीची चाचणी १०.२ गिगाबिटपर्यंतची असते. काही त्याहून जास्त झेपवतात, काही नाही, आणि लांबी वाढली की शक्यता घटते. ठिणग्या म्हणजे वाटेत हरवलेले पिक्सेल. आधी ८.९१ वर ती केबल सुखात होती, सतरा-अठराला तिने मान टाकली. बिघडलं काहीच नव्हतं, ओझं दुप्पट झालं होतं.

माझ्या पिशवीत दोन मीटरची 'प्रीमियम हाय स्पीड' लेबलाची केबल होती, १८ गिगाबिटला तपासलेली. ती लावली. साठ हर्ट्‌झ, आरजीबी, आठ बिट. ठिणगी नाही. अनुस्वार लाल.

एक छोटी कसर राहिली. पीडीएफच्या पानाभोवतीचा फिका राखाडी भाग आणि पान यांतली सीमा पुसट झाली होती, आणि काळ्या चित्रांतले तपशील बुडाले होते. सिनेमाच्या जगात काळा १६ वर सुरू होतो आणि पांढरा २३५ ला संपतो. कॉम्प्युटर ० ते २५५ पूर्ण वापरतो. एक पूर्ण बोलतोय आणि दुसरा अपुरं ऐकतोय असं झालं की दोन्ही टोकं कापली जातात. उलटं झालं तर सगळंच धुतल्यासारखं फिकट. टीव्हीवर काळ्या पातळीचं सेटिंग आपोआपवरून पूर्ण केलं, सुटलं.

आवाजाचं सांगायचं तर केबल लावताच विंडोजने तो टीव्हीकडे वळवला होता, मावशीला लॅपटॉपवरच हवा होता, तो घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हावरून परत आणला. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपायचा, तेही पॉवरच्या सेटिंगमध्ये 'काही करू नको' केलं. मावसभावाने मध्येच फोन करून "वायरच कशाला, मिराकास्टने करा ना" असा सल्ला दिला. वायरविना चित्र दाबून, आकसून जातं आणि उशिरा पोचतं. फोटो दाखवायला उत्तम, लाल ठिपक्यांसाठी नाही.

लॅपटॉपचं पोर्ट १.४ चं असतं तर एवढं सगळं करूनही पूर्ण रंग ठेवून आम्ही तीसच्या पुढे गेलो नसतो. तेव्हा यूएसबी-सीकडे वळावं लागलं असतं, तेही त्या पोर्टातून चित्र बाहेर पडत असेल तर. सगळ्यांतून पडत नाही, आणि पोर्टचा आकार बघून ते कळत नाही. ॲडॉप्टरही 'फोर-के' एवढंच लिहिलेला घेऊन भागत नाही, त्याच्यावर ६० हर्ट्‌झ लिहिलेलं लागतं.

नंतर

निघताना मी एक चिठ्ठी लिहून टीव्हीच्या मागे चिकटवली: कोणतं पोर्ट, कोणती केबल, कोणती चार सेटिंगं. तीन आठवड्यांनी मावशीचा फोन आला, तक्रारीचा नव्हता. घरातल्या कोणीतरी मॅच बघायला तिची केबल काढून शेजारच्या पोर्टात सरकवली होती. सकाळी तिने चाचणीचं म्हणून ठेवलेलं 'सुंदर' उघडलं, ठिपका मळकट दिसला, तिने मागे वाकून बघितलं, केबल मूळ पोर्टात घातली आणि कामाला लागली. नाव 'पीसी' आणि कुलूप उघडलेलं फक्त त्याच एका पोर्टाचं, हे तिला माझ्या चिठ्ठीतून कळलं होतं.

पुढच्या वेळी गेले तेव्हा चिठ्ठी पाहिली. खाली तिच्या अक्षरात भर होती: "पोर्ट २ सोडून दुसऱ्यात घालू नये." आणि मी 'पिसी' लिहिलं होतं, त्यावर लाल शाईने दीर्घ वेलांटी.